चावऱ्या कुत्र्याचा केस

मंडळी, रात्री दारू फार झाली आणि सकाळी डोके ठणकू लागले, की इंग्रज माणूस म्हणतो, "चावला त्याच कुत्र्याचा केस आणा!" म्हणजे काय, तर त्याच दारूचा आणखी एक घोट. जॉन हेवुडच्या १५४६ सालच्या म्हणींच्या पुस्तकात ही म्हण सापडते.

पण दारूत हा कुत्रा आला कुठून? इ. स. ७९ मध्ये वारलेल्या प्लिनी या रोमन पंडिताने एक उपाय लिहून ठेवला आहे : पिसाळलेला कुत्रा चावला, तर त्याच्याच शेपटीचे केस जाळून राख जखमेत भरावी. आपण काट्याने काटा काढतो ना, तसाच हा विचार.

काटा निघतो खरा. विष असे निघत नाही. सकाळचा घोट त्रास फक्त पुढे ढकलतो, आणि व्यसनाला वाट करून देतो. चाव्यावरचा खरा इलाज १८८५ साली लुई पाश्चरच्या लशीने दिला.

तेव्हा गुरुजी, मुलांना म्हण जरूर सांगा. पण सोबत हेही सांगा, की कुत्रा चावला तर राख, चुना, मिरची काही लावायचे नाही. जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवायची आणि लगेच दवाखाना गाठायचा.