बेटावर जाताना काय न्यावे?

आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध दांपत्य एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर आम्हांस भेटावयास आले. त्यांची कन्या व जावई नोकरीनिमित्त होनोलुलू येथे राहतात. आईवडिलांनी महिनाभर येऊन समुद्रकिनारी विश्रांती घ्यावी, असा लेकीचा आग्रह. तिकिटे निघाली होती आणि घरात पेट्या भरण्याची लगबग सुरू होती. काकांच्या हाती एक लांबलचक यादी होती. काकींनी विचारले, "फादर, तिकडं बेटावर जायचं तर बरोबर काय काय घ्यावं, ते जरा सांगा ना!" यादीत मसाला, सुके बोंबील व सुकेळी होती. काकींच्या पिशवीतून मात्र वेगळाच ऐवज बाहेर आला : मातीसकट अळूचे दोन कांदे, ओल्या हळदीचा एक गड्डा आणि पुरचुंडीत बांधलेले वालाचे बियाणे. लेकीच्या परसात ते लावायचे होते.

आम्हांस हसू आले, आणि लगेच वाईटही वाटले. कारण काकींनी विचारलेला प्रश्न हवाई बेटांच्या साऱ्या इतिहासाचा प्रश्न आहे. त्या बेटांवर कोणी काय नेले, यावरच त्यांचे बरेवाईट ठरत आले. म्हणून वाचकहो, हा इतिहास आपणांसमोर थोडक्यात मांडावा असे आम्ही योजिले आहे.

प्रशांत महासागराच्या मध्यभागी, कोणत्याही खंडापासून हजारो किलोमीटर अंतरावर, ज्वालामुखींच्या उद्रेकांतून ही बेटे वर आली. वाऱ्याने, लाटांनी वा पक्ष्यांच्या पंखांनी जे आणले तेवढेच तेथे रुजले. साप नव्हते, डास नव्हते, मुंग्या नव्हत्या. सुमारे आठशे ते हजार वर्षांपूर्वी दक्षिणेकडील बेटांवरून पॉलिनेशियन दर्यावर्दी जोडहोड्यांतून तेथे पोहोचले. होकायंत्र नाही, नकाशा नाही. तारे, लाटांची दिशा आणि पक्ष्यांचे उड्डाण हीच त्यांची साधने. पुन्हा परतता येईलच याची शाश्वती नसलेल्या त्या माणसांनी होडीत काय भरले होते? अळू, नीरफणस, नारळ, केळी, ऊस, हळद, कणग्या आणि ज्याच्या सालीपासून वस्त्र करीत ते कागदी तुतीचे झाड. त्यांच्यासवे डुकरे, कोंबड्या व कुत्रे होते. ही यादी वाचताना वसईच्या एखाद्या वाडीत उभे असल्याचा भास होतो! अळूला तेथे 'कलो' म्हणतात व त्याचे कांदे उकडून, कुटून केलेले 'पोई' हे त्या लोकांचे मुख्य अन्न. काकींचे अळू तेथे हजार वर्षांपूर्वीच जाऊन पोहोचले आहे.

मात्र या पहिल्या शिदोरीतही एक न बोलावलेला प्रवासी होता. होड्यांतून उंदीर आले. जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी व झाडांची बीजे त्यांनी फस्त केली. माणूस जे मोजून नेतो त्याच्यासवे न मोजलेलेही जात असते, हा धडा बेटांना प्रथम तेव्हा मिळाला.

१७७८ च्या जानेवारीत इंग्रज कप्तान जेम्स कुक तेथे पोहोचला. त्याने नीहाऊ बेटावर बकऱ्या, डुकरे आणि भोपळा, कांदा, खरबूज यांचे बियाणे उतरविले. हेतू भला होता. आपल्या खलाशांचे गुप्तरोग तेथील स्त्रियांना लागू नयेत म्हणून त्याने निर्बंधही घातले. परंतु ते पाळले गेले नाहीत. मागोमाग येणाऱ्या जहाजांतून इतर रोग उतरले. १८२४ साली इंग्लंडला गेलेले राजा दुसरा कामेहामेहा व राणी कामामालू हे दोघेही लंडनमध्ये गोवराने मरण पावले. १८४८-४९ मध्ये गोवर, डांग्या खोकला व इन्फ्लुएन्झा यांनी बेटांवर हाहाकार उडविला. कुक आला तेव्हा काही लक्ष वस्ती असावी, असे अभ्यासक मानतात. १८५३ च्या शिरगणतीत सारी मिळून सुमारे ७३,००० माणसे भरली, आणि १८९० मध्ये मूळ हवाईयन वंशाचे केवळ ४०,००० च्या आसपास उरले. तलवारीने नव्हे, श्वासाने आणि स्पर्शाने ही प्रजा खचली.

१८२० साली अमेरिकेतील बोस्टनहून प्रोटेस्टंट मिशनरींचे पहिले पथक 'थॅडियस' जहाजातून आले. पाच महिन्यांच्या त्या प्रवासात त्यांनी छापखाना बरोबर आणला होता. १८२२ च्या जानेवारीत त्यावर हवाईयन भाषेतील पहिला मजकूर छापला गेला आणि अवघ्या काही दशकांत हे लोक साक्षर झाले. मिशनऱ्यांसाठी लाकडी घराचे सुटे भागही बोस्टनहूनच जहाजाने आले. गार हवेसाठी बांधलेले ते ठेंगण्या छताचे घर होनोलुलूत आजही उभे आहे. ऊन कसे असते याचा विचार न करता बांधलेल्या सामानाचा तो नमुनाच म्हणावयाचा. जहाज किनाऱ्याला लागण्यापूर्वीच एका राजस्त्रीने मिशनरी महिलांकडून आपल्यासाठी त्यांच्यासारखा झगा शिवून घेतला. त्यातूनच पुढे 'होलोकू' हा सैल, पायघोळ पोशाख रूढ झाला.

१८२७ च्या जुलैत फादर अलेक्सिस बाशेलो व त्यांचे सोबती हे पहिले कॅथलिक मिशनरी होनोलुलूत उतरले. येशू व मरियेच्या पवित्र हृदयांच्या संघाचे हे धर्मगुरू. फादर बाशेलोंच्या सामानात पॅरिसच्या राजोद्यानातील एका झाडाचे बी होते. १८२८ मध्ये त्यापासून वाढविलेले झाड म्हणजे हवाईतील पहिले 'किआवे'. आपल्याकडील वेड्या बाभळीचा हा जवळचा नातलग. कोरड्या किनाऱ्यावर त्याने सावली दिली, गुरांना शेंगा दिल्या, मधमाश्यांना फुले दिली. पण सर्वत्र पसरून तळव्यात खोल शिरणारे काटेही दिले. अनवाणी चालणाऱ्या लोकांना बूट घालावयास लावण्यासाठीच मिशनऱ्यांनी हे झाड लावले, असा विनोद तेथे प्रचलित आहे. आमच्याच धर्मबंधूंच्या माथी हा काटा आहे, हे आम्ही प्रांजळपणे नमूद करतो. १८३१ मध्ये फादर बाशेलो यांना देशाबाहेर घालविण्यात आले. झाड मात्र राहिले.

डासांची कथा याहून दारुण आहे. १८२६ साली मेक्सिकोहून आलेल्या 'वेलिंग्टन' नावाच्या जहाजाने माउई बेटावरील लहैना येथे पाण्याची पिंपे ओढ्यात विसळली. त्यांतील डासांच्या अळ्या तेथे पसरल्या, असे मानले जाते. पुढे परदेशी पक्ष्यांबरोबर पक्ष्यांचा हिवताप आला आणि डासांनी तो रानोमाळ नेला. ज्यांच्या लालपिवळ्या पिसांनी राजांची वस्त्रे सजत, त्या वनपक्ष्यांना या रोगाशी झुंजण्याची शक्तीच नव्हती. २०२३ साली अमेरिकन शासनाने हवाईच्या आठ वनपक्ष्यांची नावे नामशेष झालेल्यांच्या यादीत घातली. पिंपे विसळणाऱ्या खलाशाला याची कल्पना तरी असेल काय?

या यादीत आपल्या भूमीचाही वाटा आहे. उसाच्या मळ्यांत उंदीर माजले म्हणून १८७२ साली कोलकात्याहून मुंगूस जमैकात नेण्यात आले. तेथून १८८३ मध्ये मळेवाल्यांनी ते हवाईत आणविले. पण उंदीर रात्री फिरतो आणि मुंगूस दिवसा! दोघांची गाठ क्वचितच पडली. मुंगसांनी मग पक्ष्यांच्या अंड्यांवर ताव मारला. चाऱ्यासाठी आणलेले परदेशी गवतही असेच. उसाचे मळे बंद पडल्यावर ते मोकळ्या रानांत माजले, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये सोसाट्याच्या वाऱ्यात लहैना जळाले तेव्हा त्याच वाळलेल्या गवताने आगीला इंधन पुरविले. शंभराच्या आसपास माणसे प्राणास मुकली.

पर्यटक आले ते याच्या पुष्कळ नंतर. १९२७ मध्ये वाइकिकीच्या वाळूवर रॉयल हवाईयन हॉटेल उघडले आणि त्याच वर्षी 'मालोलो' ही आलिशान आगबोट सॅन फ्रान्सिस्कोहून चार दिवसांत होनोलुलूस येऊ लागली. श्रीमंत प्रवासी मोठमोठ्या ट्रंका घेऊन आठवडेच्या आठवडे मुक्काम करीत. १९३० च्या दशकात होनोलुलूतील चिनी व जपानी शिंप्या-व्यापाऱ्यांनी रंगीबेरंगी कापडाचे 'आलोहा' सदरे विकावयास आरंभ केला, तेव्हा जाडजूड कोट पेटीतच राहू लागले. १९५९ मध्ये हवाई अमेरिकेचे राज्य झाले व जेट विमानेही त्याच वर्षी सुरू झाली. त्या वर्षी अडीच लाखांच्या आत असलेली पाहुण्यांची संख्या २०१९ मध्ये एक कोटीच्या वर गेली. पेट्या लहान झाल्या, पण पेट्यांची संख्या अफाट वाढली. अंगाला फासलेले मलम समुद्रात धुतले जाऊन प्रवाळांना अपाय करते, अशी चिंता मग उत्पन्न झाली. २०१८ मध्ये तेथील विधिमंडळाने ऑक्सिबेन्झोन व ऑक्टिनॉक्सेट ही द्रव्ये असलेल्या ऊन-रोधक मलमांच्या विक्रीस बंदी करणारा कायदा संमत केला. १ जानेवारी २०२१ पासून तो अमलात आला.

आता, वाचकहो, एका निराळ्या प्रवाशाकडे वळू. १९ मार्च १८६४ रोजी, संत योसेफाच्या सणादिवशी, बेल्जियमचा चोवीस वर्षांचा एक तरुण होनोलुलूस उतरला. जावयाचे होते त्याच्या थोरल्या भावाने. तो आजारी पडल्याने हा धाकटा आला. हेच फादर डेमियन. कुष्ठरोग हाही बाहेरून आलेल्या रोगांपैकीच. १८६५ च्या कायद्याने रोग्यांना मोलोकाई बेटावरील कलौपापा द्वीपकल्पावर धाडण्याचे ठरले. तिन्ही बाजूंस समुद्र, चौथ्या बाजूस उभा कडा. १९६९ पर्यंत सुमारे ८,००० माणसांना तेथे पाठविण्यात आले. आईच्या कुशीतून मूल, पत्नीच्या हातातून पती काढून नेला गेला. काही आप्त मात्र आपखुशीने त्यांच्याबरोबर गेले. अशा सोबत्यांना तेथील भाषेत 'कोकुआ' म्हणजे साहाय्यकर्ता म्हणतात.

१० मे १८७३ रोजी फादर डेमियन तेथे पोहोचले. राहावयास घर नव्हते. पहिल्या रात्री ते केवड्याच्या जातीच्या एका झाडाखाली निजले. एवढ्या घाईत आले की अंगावरच्या कपड्यांखेरीज फारसे काहीच जवळ नव्हते. पुढे वरिष्ठांना लिहून त्यांनी जे मागविले त्यांत सदरे, विजारी, बूट, जपमाळा व धर्मशिक्षणाची पुस्तके होती. त्याच वर्षी नॉर्वेत डॉ. हान्सेन यांना कुष्ठरोगाचे जंतू आढळले. परंतु परिणामकारक औषध कलौपापात यावयास १९४६ साल उजाडावे लागले. तोवर फादर डेमियन यांनी सुताराची हत्यारे हाती घेऊन घरे बांधली, पाण्याची सोय केली, शवपेट्या ठोकल्या, जखमा धुतल्या, रोग्यांच्या ताटात जेवले. त्यांनाही तो रोग जडला आणि १५ एप्रिल १८८९ रोजी त्यांनी तेथेच देह ठेवला. २००९ साली ख्रिस्तसभेने त्यांना संतपद बहाल केले. त्यांच्या अखेरच्या महिन्यांत तेथे आलेल्या धर्मभगिनी मारियान कोप यांनाही २०१२ मध्ये संतपद लाभले.

इतरांनी बेटावर जे नेले त्यातील पुष्कळसे बेटाला भोवले. फादर डेमियन रिकाम्या हाताने गेले आणि बेटाचेच दुःख त्यांनी अंगावर घेतले. प्रभूने शिष्यांना झोळी व दुसरा अंगरखाही न घेता वाटेला लावले होते. त्यामागे साधेपणाचा उपदेश आहेच. पण ज्यांच्या घरी जावयाचे त्यांच्यावर आपल्या सामानाचे ओझे पडू नये, हाही अर्थ आम्हांस या इतिहासात दिसतो.

हे सारे ऐकून काकी गप्प झाल्या. मग त्या म्हणाल्या, "म्हणजे फादर, हे अळू न्यायचं नाही तर!" आम्ही म्हणालो, "नाही काकी. ताजी फळे, कंद, बियाणे आणि माती तर मुळीच नाही. त्याविषयी लिहून द्यावे लागते, आणि खोटे लिहिणे हे पापही आहे व गुन्हाही." मग काकांची यादी घेऊन आम्ही तिघे बसलो. अंगभर सुती कपडे व रुंद काठाची टोपी : उन्हावर मलमापेक्षा कापड बरे. मलम हवेच असेल तर जस्ताच्या भस्माचे, झिंक ऑक्साइडचे. किआवेच्या काट्यांसाठी जाड तळाच्या चपला. डोंगरावर जाणार असाल तर एक स्वेटर, कारण माउईवरील हालेआकाला शिखर ३,०५५ मीटर उंच आहे व तेथे पहाटे हुडहुडी भरते. औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. पुन्हा भरता येईल अशी पाण्याची बाटली. आणि बूट नेण्यापूर्वी घासून स्वच्छ धुवावेत, कारण २०१४ मध्ये तेथे एक बुरशी ओळखली गेली. ती ओहिआ नावाच्या मूळच्या वृक्षांना लाखोंनी मारीत आहे आणि बुटाच्या चिखलातूनही ती एका रानातून दुसऱ्या रानात जाते. सुकेळी व बोंबील यांविषयी लेकीला तिकडील नियम आधी विचारण्यास सांगितले.

अळूचे कांदे काकींनी आमच्याकडेच ठेवले. धर्मगुरुनिवासाच्या मागे, सांडपाण्याच्या कडेला आम्ही ते लावले. आता त्यांना तळहाताएवढी पाने आली आहेत. काकी परत येतील तेव्हा अळुवड्यांचा बेत आहे, आणि हवाईतून त्यांनी काय आणले हे विचारणार नाही, असे आम्ही ठरविले आहे.