बधिर पावलांचा इतिहास

कुष्ठरोगाचा इतिहास बहुधा एका जंतूचा इतिहास म्हणून सांगितला जातो. जंतू सापडला, औषध सापडले, रोग आटोक्यात आला, अशी त्याची तीन प्रकरणे असतात. डहाणू आणि तलासरी तालुक्यांतील पाड्यांवर मात्र या इतिहासाचे चौथे प्रकरण अजून चालू आहे. ते मज्जातंतूंचे प्रकरण आहे, आणि ते दवाखान्याइतकेच घरातही घडत असते. आपल्या कुटुंबांनी ते समजून घ्यावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

जुन्या करारातील लेवीय ग्रंथात त्वचेवरील चट्टा तपासण्याचे काम याजकाकडे सोपवलेले दिसते. तेथील मूळ हिब्रू शब्दात अनेक त्वचाविकार येतात. कपड्यांवरील आणि भिंतींवरील डागांनाही तोच शब्द लावला आहे. म्हणून आजचा कुष्ठरोग आणि तो विकार एकच, असे म्हणता येत नाही. परंतु ‘अशुद्ध’ ठरलेल्या माणसाने वस्तीबाहेर राहावे, हा नियम मात्र शतकानुशतके या रोगाला चिकटला. संत मार्कच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात प्रभू येशू अशा एका माणसाला हात लावून बरे करतो. या प्रसंगाचा शेवट आपण फारसा ध्यानी घेत नाही. बरा झालेला माणूस गावात जाऊन बोलू लागतो, आणि येशूला उघडपणे नगरात जाणे अशक्य होऊन तो बाहेर ओसाड जागी राहतो. दोघांच्या जागांची अदलाबदल होते.

१८७३ हे साल या इतिहासात दुहेरी महत्त्वाचे आहे. त्या वर्षी नॉर्वेतील बर्गेन येथे डॉ. हॅन्सन यांनी कुष्ठरोगाचा जंतू ओळखला. त्याच वर्षी बेल्जियमचे फादर डेमियन हवाई बेटांतील मोलोकाई येथे बहिष्कृत रुग्णांमध्ये राहावयास गेले. पुढे एकदा कढत पाण्यात पाय पडूनही चटका जाणवला नाही, तेव्हा आपल्यालाही हा रोग झाल्याचे त्यांना उमगले, असे त्यांच्या चरित्रांत सांगितले आहे. १८८९ साली ते निवर्तले आणि २००९ साली ख्रिस्तसभेने त्यांना संतपद बहाल केले. त्या न जाणवलेल्या चटक्यातच या रोगाचे खरे मर्म आहे.

आपल्याकडे आरंभी विलगीकरणाचाच मार्ग होता. मुंबईत १८९० साली माटुंग्याला अ‍ॅकवर्थ यांच्या पुढाकाराने निराश्रित रुग्णांसाठी आश्रयस्थान उभे राहिले. १८९८ च्या कायद्याने निर्धन रुग्णांना पकडून अशा ठिकाणी ठेवण्याची मुभा दिली. त्यानंतर सेवेची वेगळी परंपरा महाराष्ट्रात रुजली. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहर दिवाण यांनी १९३६ साली काम सुरू केले, तर १९४९ साली बाबा आमटे यांनी महारोगी सेवा समिती स्थापली. १९५१ साली वर्ध्यात गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान निघाले. डॉ. वर्देकर यांच्या मार्गदर्शनाखाली तेथील कार्यकर्ते गावोगाव, घरोघर जाऊन रुग्ण शोधू लागले, लोकांना माहिती देऊ लागले आणि घरीच उपचार करू लागले. रुग्णाला उचलून नेण्याऐवजी सेवाच त्याच्या दारी गेली.

याच सुमारास वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड यांनी एक जुना गैरसमज दूर केला. बोटे रोगाने झडत नाहीत. जंतू कोपर, गुडघा, घोटा येथील त्वचेलगतच्या नसांना इजा करतो. संवेदना जाते, स्नायू दुर्बळ होतात, घाम थांबून कातडी कोरडी पडते व भेगाळते. मग भाजले, कापले, खडा रुतला तरी कळत नाही, आणि जखमा चिघळून अवयव झिजतात. वेदना ही शरीराची राखणदार आहे. ती निघून गेल्यावर घर उघडे पडते.

१९८० च्या दशकात बहुविध औषधोपचार आला. सहा ते बारा महिन्यांत जंतूंचा नायनाट होतो आणि उपचार सुरू झाल्यावर थोड्याच काळात संसर्गाची भीती उरत नाही. ही औषधे मोफत मिळतात. २००५ च्या अखेरीस देशातील प्रमाण दर दहा हजारांमागे एकाहून खाली आले आणि निर्मूलनाची घोषणा झाली. परंतु त्याचा अर्थ रोग संपला असा नव्हता. महाराष्ट्रात नवे रुग्ण जेथे आजही अधिक आढळतात, त्यांत २०१४ साली निर्माण झालेल्या आपल्या पालघर जिल्ह्याचे नाव येते. शिवाय एकदा मेलेली नस गोळीने जिवंत होत नाही. उपचार चालू असताना किंवा संपल्यावरही नसांना सूज येऊ शकते. ती वेळीच ओळखून स्टेरॉइड दिले तर हातपाय वाचतात. उशीर झाला तर पंगुत्व कायमचे राहते.

आपल्या भागातील जीवनक्रमाकडे पाहिले, म्हणजे हा उशीर का होतो ते कळते. आवणीच्या दिवसांत उघडे पाय चिखलात असतात. दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जगायला जातात. औषध एका गावी राहते आणि रुग्ण दुसऱ्या गावी. तळपायाच्या जखमेवर सर्वांत मोठे औषध विश्रांती. पण रोजंदारीवाल्याची विश्रांती म्हणजे त्या दिवशीची चूल थंड. काहींच्या नसांत वर्षानुवर्षे कळा येतात, हातातले बळ लवकर सरते, आणि घरचेच त्याला आळस म्हणतात.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या टेकडीवर याच प्रश्नाला शिक्षणापुरते उत्तर दिले होते. गुरे राखणारी मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच कुरणावर गेली. शुश्रूषेलाही तोच मार्ग धरावा लागेल.

त्यासाठी मोठी साधने लागत नाहीत. बधिर हातपाय रोज साध्या पाण्यात अर्धा तास भिजवावेत, जाड झालेली कातडी हलकेच घासावी आणि ओल्या त्वचेवर खोबरेल लावावे. रोज संध्याकाळी तळपाय उजेडात नीट पाहावेत. स्वतःला दिसत नसेल तर घरातील कोणी पाहावेत. मऊ रबराच्या, खिळे नसलेल्या चपला घालाव्यात. चुलीवरचे भांडे फडक्यानेच धरावे. पापणी मिटत नसेल तर डोळा जपावा. फिकट, बधिर चट्टा दिसताच प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे आणि स्थलांतरापूर्वी तेथे सांगून जावे.

कायदा उशिरा का होईना बदलला. १८९८ चा कायदा २०१६ साली रद्द झाला. ख्रिस्ती दांपत्यांना लागू असलेल्या कायद्यातही कुष्ठरोग हे घटस्फोटाचे एक कारण होते. ते २०१९ साली वगळण्यात आले. कायद्याने वाट मोकळी केली, तरी घरातील पंगत अद्याप वेगळी असू शकते. दयाळू शोमरोनी माणसाने वाटेवरच्या जखमीला तेल लावले, हे आपण मुलांना लहानपणीच शिकवतो. आपल्या धर्मग्रामातील एखाद्या आजीच्या भेगाळलेल्या टाचेला तिच्या नातवाने रोज संध्याकाळी तेल लावले, तर त्या शिकवणीचे चीज झाले असे आम्ही समजू.