झगा कोणाच्या मापाचा?

गेल्या ऑक्टोबरात आमच्या पुण्याच्या ऑफिसात हॅलोविनची पार्टी होती. काय व्हायचं, यावर मी दोन रात्री फोन चाळला. शेवटी ड्रॅक्युलाचा काळा झगा मागवला. एक संध्याकाळ घातला, फोटो काढले, कपाटात टाकला.

त्याच आठवड्यात जयगडहून काकांचा फोन आला. "माज्या गुडघ्यांना आता नाचणं झेपत नाय. शिमग्याला संकासूर तू हो."

माझ्याकडे एक काळा झगा होता. आता दुसरा चालून आला होता. तो मात्र मी निवडलेला नव्हता.

रत्नागिरीकडचा संकासूर पाहिला नसेल तर सांगतो. पायघोळ काळा पोशाख, डोक्यावर उंच निमुळती टोपी, लांब पांढरी दाढी, कमरेला घुंगरांचा पट्टा. फाल्गुनात खेळे घरोघरी फिरतात. मृदंग वाजतो, संकासूर अंगणात उतरतो आणि पोरं किंचाळत आईच्या मागे लपतात.

गंमत अशी की पुराणात हा खलनायक आहे. शंखासुराने वेद पळवले आणि विष्णूने मत्स्यावतार घेऊन त्याला मारलं, अशी ती कथा. सिंधुदुर्ग-गोव्याच्या दशावतारात आजही सुरुवातीला तो ब्रह्मदेवाचे वेद चोरतो आणि विष्णूकडून मारला जातो. आमच्याकडे मात्र त्याच असुराला बायका ओवाळतात, नवस बोलतात, लेकरू त्याच्या पायावर घालतात. पोथीतला चोर अंगणात आला की देव होतो. हे कधी घडलं, याची तारीख कुठल्या बखरीत नाही. मला वाटतं, वेद ज्यांच्या हाती कधी आलेच नाहीत, त्या कष्टकरी वाड्यांना वेद चोरणाऱ्याचा राग येण्याचं कारणच नव्हतं.

सोंगांची ही रीत जुनी आहे. १७व्या शतकात समर्थ रामदासांनी दासबोधात दशावतारी खेळांचा दाखला दिला आहे: दिसतात सुंदर नारी, असतात सगळे धटिंगण. नमनातली गवळण, मावशी, शिमग्यातली गोमू, ही सोंगं पुरुषच घेत आले. अलीकडे काही ठिकाणी बायकांचीही नमनं उभी राहिली आहेत.

हॅलोविनचं मूळही यापासून फार लांब नाही. आयर्लंड-स्कॉटलंडमध्ये हिवाळ्याच्या तोंडावर लोक सोंगं घेऊन दारोदार जात, गाणी म्हणत, खाऊ मिळवत. १९व्या शतकात आयरिश माणसं अमेरिकेत गेली, सण सोबत गेला. पुढे पोशाख दुकानात आले आणि "मला काय व्हायचंय?" हा प्रश्न ज्याचा त्याचा झाला.

आमच्याकडे प्रश्न वाडी विचारते. उंची कोणाची, दम कोणाचा, पारंपरिक मान कोणाच्या घरात आणि मुख्य म्हणजे शिमगाभर गावात राहणार कोण? पूर्वी जयगड बंदरात मुंबईच्या बोटी लागत. गिरणीतला चाकरमानी धक्क्यावर उतरला की सरळ तालमीला जाई, असं आजोबा सांगायचे. आता तवसाळच्या फेरीबोटीत गाड्या असतात, पण वाडीत कुलूपंच जास्त. गेल्या वर्षी आमच्या खेळ्यांत एक मृदंगवाला कमी होता. संकासूरही नसेल तर खेळे निघणार नाहीत.

दिवाळीत गावी गेलो तेव्हा काकांनी पेटी उघडली. झग्याला घाम आणि नारळाच्या तेलाचा वास होता. कोपरापाशी तीन वेगवेगळ्या धाग्यांची शिलाई होती: एक आजोबांची, एक काकांची, एक कोणाची ते काकांनाही आठवेना. मी अंगात घातला. खांद्यात घट्ट, लांबीला आखूड.

"काका, माझ्या मापाचा नाही हो."

"माज्याबी मापाचा नव्हता," काका म्हणाले आणि सुई शोधायला लागले.

काकू देवघरातून आल्या. काकांपेक्षा तीस वर्षांनी लहान असलेल्या मला, नुसता झगा अंगात होता म्हणून, त्यांनी वाकून नमस्कार केला. ड्रॅक्युलाला ऑफिसात ऐंशी लाइक मिळाले होते. इथे काय बोलावं ते मला सुचेना.

सोमवारी ऑफिसात गेल्या गेल्या फाल्गुनातल्या दहा दिवसांच्या रजेचा अर्ज टाकला. कारणाच्या रकान्यात आधी 'घरगुती' लिहिलं. मग खोडून 'संकासूर' लिहिलं.