फसली सनाचा आरंभबिंदू आणि राजुरा परिसरातील वनहक्काचे पुरावे

प्रस्तावना

वर्षाची लांबी सूर्य आणि चंद्र ठरवितात. वर्षे कोठून मोजावयाची हे मात्र मनुष्य ठरवितो. इतिहासात हा निर्णय बहुधा राजसत्तेने घेतलेला दिसतो. वाकाटक राजे आपल्या दानपत्रांत स्वतःच्या राज्यारोहणापासूनची वर्षे नोंदवीत. चंद्रपूर जिल्ह्यातील भांदक येथे सापडलेल्या राष्ट्रकूट नृपती पहिल्या कृष्णाच्या ताम्रपटात मात्र शके ६९४, म्हणजे इ. स. ७७२ असा कालनिर्देश आहे. १६७४ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी राज्याभिषेक शक सुरू केला, तो स्वतंत्र सार्वभौमत्वाचा उद्घोषच होता. प्रस्तुत लेखात चंद्रपूर जिल्ह्यातील फसली सनाचा विचार केला असून, आरंभबिंदूचा हा प्रश्न आजही सामान्य माणसाच्या हक्काशी कसा निगडित आहे, हे दाखविण्याचा प्रयत्न आहे.

फसली सनाची घडण

हिजरी वर्ष चांद्र असल्याने सुमारे ३५४ दिवसांचे असते. पीक मात्र ऋतूंप्रमाणे येते. त्यामुळे हिजरी सनावर शेतसाऱ्याची वसुली बसविणे कठीण होते. यावर उपाय म्हणून अकबराच्या काळात हिजरी ९६३ (इ. स. १५५६) हा आकडा तसाच ठेवून पुढील वर्षे सौरमानाने मोजण्यास आरंभ झाला. दक्षिणेत हीच योजना शाहजहानच्या काळात हिजरी १०४६ (इ. स. १६३६) पासून लागू झाली. या दोन आरंभांत सौरमानाने ८० वर्षांचे अंतर होते. हिजरी सन तेवढ्यात ८३ वर्षे पुढे सरकला होता. परिणामी उत्तरेकडील आणि दख्खनी फसली सनांत दोन वर्षांहून अधिक फरक कायमचा राहिला. नाव एकच, आकडे मात्र वेगळे.

वर्धा नदीच्या दोन तीरांवरील दोन वर्षे

चांदा जिल्हा १८५४ मध्ये नागपूरच्या भोसल्यांच्या राज्यासह ब्रिटिशांकडे आला. वर्धा नदीपलीकडील राजुरा परिसर मात्र हैदराबाद संस्थानात, आदिलाबाद जिल्ह्यात राहिला. तो १९५६ मध्ये नांदेड आणि १९५९ मध्ये चांदा जिल्ह्याला जोडण्यात आला. चांद्याच्या महसुली कारभाराला मध्यप्रांताचा १९१७ चा जमीन महसूल कायदा लागू होता. राजुऱ्याला हैदराबादचा १३१७ फसलीचा. आकड्यांवरून दुसऱ्या कायद्याचे वर्ष कोणाच्याही लक्षात येत नाही. प्रत्यक्षात तो पहिल्याहून दहा वर्षे जुना, १९०७ चा आहे. संस्थानी फसली वर्ष आझुर महिन्यापासून, ऑक्टोबरच्या आरंभी सुरू होई; म्हणून ऑक्टोबर ते डिसेंबर या काळासाठी फसली सनात ५९० आणि पुढील महिन्यांसाठी ५९१ मिळविल्यास इसवी सन निघतो.

वनहक्क कायदा आणि १३४० फसली

वनहक्क कायदा, २००६ नुसार अनुसूचित जमातींव्यतिरिक्त इतर पारंपरिक वननिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. ही मर्यादा १३ डिसेंबर १९३० पर्यंत मागे जाते. हैदराबादी गणनेने हा दिवस १३४० फसलीत पडतो. केवळ १३३९ असा सन असलेली नोंद १९२९-३० ची, म्हणजे मर्यादेपूर्वीची ठरते. तीच नोंद उत्तरेकडील फसलीच्या कोष्टकाने वाचली तर ती १९३१-३२ ची भासेल आणि खरा पुरावा अपुरा ठरेल. १३४० च्या नोंदीत महिना पाहिल्याशिवाय निर्णय करताच येत नाही. जमीन तीच, कागद तोच. परंतु सुमारे तीनशे नव्वद वर्षांपूर्वी निवडलेल्या आरंभबिंदूवर एका कुटुंबाचा दावा टिकतो किंवा पडतो.

कायद्याखालील नियमांनी दावेदाराव्यतिरिक्त अन्य वडीलधाऱ्यांचे लेखी नोंदविलेले कथनही पुरावा म्हणून मान्य केले आहे. अशा कथनात वर्षे आकड्यांनी नव्हे, तर दुष्काळ, पूर, साथ अशा घटनांनी ओळखली जातात. तीही एक कालगणनाच होय. तिचा आरंभबिंदू राजाच्या अभिषेकात नसून गावाच्या स्मृतीत असतो.

समारोप

स्वतंत्र भारताने डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीनुसार २२ मार्च १९५७ रोजी, म्हणजे १ चैत्र शके १८७९ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका स्वीकारली. पुढील व्यवहारांसाठी एकसूत्रता आली, तरी जुन्या दप्तरांतील सन बदलत नाहीत. म्हणून अशा नोंदींचे लिप्यंतर करताना मूळ सन व महिना जसाच्या तसा द्यावा, फसलीचा प्रकार नमूद करावा आणि त्यानंतरच इसवी सन लिहावा. चंद्रपूर-गडचिरोली परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी तालुकानिहाय सन-कोष्टके तयार केल्यास ते ग्रामसभांच्या वनहक्क समित्यांना थेट उपयोगी पडणारे कार्य ठरेल. कालगणनेचा अभ्यास हा केवळ पंचांगाचा विषय नाही. या वनप्रदेशात तो न्यायाचाही विषय आहे.