सहीपूर्वीचा कागद

शोधनिबंधाबद्दल लेखकास मानधन मिळत नाही; तरी तो छापून यावा म्हणून प्रताधिकार प्रकाशकास लिहून द्यावा लागतो. मग स्वतःच्याच निबंधाची प्रत वाटण्यास तो परवानगी मागतो. हा उफराटा व्यवहार विद्वानांनी इतकी वर्षे मुकाट्याने चालविला, याचे आम्हांस नवल वाटते.

१९९१ साली अमेरिकेतील लॉस अलामोस येथे पॉल गिन्सपार्ग यांनी पदार्थविज्ञानाचे निबंध छपाईपूर्वीच सर्वांस खुले करणारे संगणकीय भांडार उभारले. १९९४ मध्ये स्टीव्हन हारनाड यांनी हीच वाट इतर शाखांना सुचविली. २००२ साली बुडापेस्टचा जाहीरनामा निघाला. त्याच वर्षी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतही भांडार सुरू झाले. पुढे अनेक प्रकाशकांनी लेखकाची स्वीकृत संहिता तेथे ठेवू दिली, बहुधा काही महिने थांबण्याच्या अटीवर. मांडणी केलेली छापील प्रत मात्र आपल्याकडेच राखली.

आपला १९५७ चा कायदा लेखकाची बाजू अधिक सांभाळतो. लेखी व सहीनिशी नसलेले हस्तांतर ग्राह्य नाही. आणि १९९४ च्या दुरुस्तीनुसार, मुदत नमूद नसल्यास ती पाच वर्षेच धरली जाते. म्हणूनच प्रकाशकाच्या नमुन्यात मुदतीचा रकाना कोरा सहसा सापडत नाही. विद्वान तो न वाचताच सही करतात. आमच्या कचेरीत एवढ्यावर कारकुनासही खुलासा द्यावा लागे.