लियाची आई

१९७५ च्या मे महिन्यात लाओसमधील लाँग टिएंगचा पाडाव झाला आणि अमेरिकेच्या गुप्त युद्धात तिच्या बाजूने लढलेल्या हमोंग लोकांवर परागंदा होण्याची पाळी आली. डोंगर तुडवीत, मेकाँग ओलांडून हजारो कुटुंबे थायलंडच्या छावण्यांत पोहोचली. पुढे कित्येकांना अमेरिकेने आश्रय दिला. कॅलिफोर्नियातील मर्सेड येथे अशाच एका कुटुंबात १९८२ साली लियाचा जन्म झाला. अॅन फॅडिमन यांनी १९९७ साली तिची कहाणी ग्रंथरूपाने जगापुढे आणली.

हमोंग लोक बाळाची वार घरातच पुरतात. मृत्यूनंतर आत्मा तिच्याच शोधात परततो, अशी त्यांची श्रद्धा. लियाची वार इस्पितळाच्या भट्टीत गेली. तीन महिन्यांची असताना तिला फेफरे आले. थोरल्या बहिणीने दार आपटले, त्या आवाजाने तान्हुलीचा आत्मा भिऊन पळाला, हे आईबापांचे निदान. मेंदूचा विकार, हे डॉक्टरांचे. आईने मनगटांत दोरे बांधले, शामानला बोलावले. (आपल्या आज्याही दृष्ट काढीत असत, तेव्हा हसण्याचे कारण नाही.) इस्पितळात दुभाषी बहुधा नसेच. चार वर्षांच्या आत औषधयोजना २३ वेळा बदलली. बाटल्यांवरील अक्षरे आईला वाचता येत नव्हती. औषधे चुकली, काही तिने हेतुतः टाळली. डॉक्टर निष्ठुर नव्हते, रात्र-रात्र ते लियासाठी जागले. परंतु ‘हा आजार कशाने झाला असे तुम्हांला वाटते?’ हे त्या माउलीला विचारण्याचे कोणाला सुचले नाही.

१९८५ साली न्यायालयाच्या आदेशाने लियाला परक्या घरी ठेवण्यात आले. आणि काय नवल! त्या घरची गृहिणी लियाला डॉक्टरांकडे नेताना स्वतःचे तान्हे मूल लियाच्या आईकडे सोपवून जाऊ लागली.

लिया वर्षभराने परतली. नोव्हेंबर १९८६ मध्ये तीव्र झटका व जंतुसंसर्ग यांनी तिचा मेंदू निकामी झाला. काही दिवसांचीच सोबती, असे डॉक्टरांना वाटले. आईने तिला घरी आणले, न्हाऊ-माखू घातले, भरवले, पाठुंगळी बांधले.

मर्सेडच्याच एका कॅथलिक रुग्णालयाने २००९ साली हमोंग शामानांना रुग्णशय्येपाशी रीतसर प्रवेश दिला; धर्मगुरूंना जितकी मोकळीक, तितकीच त्यांनाही. हे प्रथम वाचले तेव्हा मी, खरे सांगतो, अस्वस्थ झालो होतो. लिया तेव्हा २७ वर्षांची होती, आईच्याच हातून जेवत होती. ३१ ऑगस्ट २०१२ रोजी ती वारली.