माळव्यातून परदेशी शिक्षणास

धार येथील भोजशाळा-कमाल मौला वास्तूच्या खांबांवरील सर्पबंध ज्याने निरखून पाहिले असतील, त्याला नागाच्या वेटोळ्यांत बसविलेली वर्णमाला व संस्कृत व्याकरणाचे प्रत्यय पाहून, विद्येसाठी दूरदेशीहून धारेस आलेला कोणी बटू त्या अक्षरांवरून पहिल्या दिवशी कसे बोट फिरवीत असेल, हा विचार सुचल्यावाचून राहत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी येथील शिलालेखांकडे विद्वानांचे लक्ष वेधणारे धार संस्थानचे शिक्षणाधिकारी काशीनाथ कृष्ण लेले हे मराठी गृहस्थ होते, याचा आपण अभिमान बाळगला पाहिजे.

पुढे मराठा पवार राजघराण्याच्या अमलात हा ओघ उलटला आणि विद्यार्थी धार-देवासाहून बाहेर जाऊ लागला. देवास संस्थानच्या थोरल्या पातीचे राजे तिसरे तुकोजीराव इंदूरच्या डेली कॉलेजात व अजमेरच्या मेयो कॉलेजात शिकले, आणि १९०७ च्या सुमारास इंग्रज अधिकारी माल्कम डार्लिंग यांची त्यांचे शिक्षक व पालक म्हणून नेमणूक झाली. दप्तरातील कारकुनाच्या मुलासाठी अशी तजवीज कोण करणार? त्याची मजल उज्जैनच्या माधव कॉलेजापर्यंत किंवा इंदूरच्या ख्रिश्चन अथवा १८९१ साली निघालेल्या होळकर कॉलेजापर्यंत. आणि इंदुरात राहून मिळविलेली पदवी आधी कलकत्त्याची, पुढे अलाहाबादची, १९२७ नंतर आग्र्याची! उज्जैनला विक्रम विद्यापीठ स्थापन झाले ते १९५७ साली. ज्या विद्यापीठाची इमारतही दृष्टीस पडली नाही, त्याच्या परीक्षेसाठी रात्री जागविणाऱ्या त्या पिढीची चिकाटी मला राजपुत्रांच्या शिक्षणाहून अधिक आदरणीय वाटते.

आता माळव्यातील विद्यार्थी त्याहून दूर, थेट ऑस्ट्रेलियापर्यंत जातो. तेथील सिडनी विद्यापीठ १८५० चे, मेलबर्नचे १८५३ चे. मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील विद्यापीठांहून केवळ काही वर्षांनी वडील. परंतु १९०१ च्या कायद्याने त्या देशाने गौरेतरांना दार लावून घेतले, आणि नको असलेल्या माणसाला युरोपीय भाषेतील श्रुतलेखनात नापास करून परत पाठविण्याची सोय केली. १९०४ च्या सवलतीने हिंदी विद्यार्थी, व्यापारी व प्रवासी यांना पासपोर्टावर बारा महिने राहता येऊ लागले. १९५१ मध्ये कोलंबो योजना सुरू होऊन आशियाई विद्यार्थी तेथे सरकारी खर्चाने शिकू लागले. श्रुतलेखन १९५८ त गेले, आणि वर्णभेदी धोरणाचा शेवट १९७३ त झाला.

आज देवासचा विद्यार्थी फेब्रुवारीत ऑस्ट्रेलियास निघतो तेव्हा माळव्यात गहू पिवळा पडू लागलेला असतो, आणि तिकडे उन्हाळा सरत आलेला असतो. ज्या गुरुजनांपुढे मान वर करायची नाही असे संस्कार, त्यांना तेथे नावाने हाक मारायची, आणि ट्यूटोरियलमध्ये त्यांचे मत पटले नाही तर कारणांसह खोडून काढायचे! पहिले काही दिवस जीभ टाळूला चिकटते. त्यात खोलीच्या भाड्याखेरीज बहुधा महिनाभराच्या भाड्याइतकी अनामत भरावी लागते, आणि सत्र चालू असताना पंधरवड्यास ४८ तासांपेक्षा अधिक नोकरी करता येत नाही. तुकोजीरावांच्या पाठीशी दरबार होता. या मुलाच्या पाठीशी पुष्कळदा बापाने काढलेले कर्ज तेवढे असते.

म्हणून सिडनी-मेलबर्नात स्थिरावलेल्या माळव्याच्या मराठी कुटुंबांना माझी आग्रहाची विनंती आहे की, आपल्या गावचे मूल विमानतळावर उतरेल तेव्हा त्याला पहिले चार दिवस घरी उतरवून घ्यावे, आणि भाडेकरारावर त्याची सही होण्यापूर्वी तो कागद आपण स्वतः वाचून पाहावा.